त्रेपन्नमधला तीन आधी

भोंगा हे काही त्याचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते त्यानं स्वकष्टानं मिळवलं होतं. सरकारी दवाखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये, डॉक्टरांच्या दाराशी स्टुलावर बसून टोकनचे नंबर पुकारायचे, ही त्याची नोकरी. भिंतीवर लाल दिव्यांचा एक बोर्डही होता. तो बसवला त्याच आठवड्यात त्यानं मान टाकली, तेव्हा मोठ्या साहेबांनी त्याच्याखाली एक फळा टांगला आणि आधुनिकीकरण पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून भोंगा नंबर पुकारायचा आणि पाठोपाठ फळ्यावर लिहायचा. खरं तर लिहायची गरज नव्हती. रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसलेले पेशंटसुद्धा आपला नंबर ऐकून, चहा संपवून, सावकाश आत यायचे.

दवाखान्याचा नियम एकच. हाक दोनदा, नाही आलात तर पुढचा. "त्रेपन्न! त्रेपन्न! नाही? चोपन्न!" उत्तरासाठी थांबणं त्याच्या कामात बसत नव्हतं आणि हळूहळू ते स्वभावातही बसेना. घरी आल्यावर तो बायकोला विचारायचा, "दमलीस? दमलीस." मग स्वतःच पुढे, "चहा टाकतेस? टाक." बायको लाँड्रीत इस्त्री करायची. तापलेल्या वस्तूला कुठून धरायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं, म्हणून संसार सुरळीत चालला होता.

त्यांची एकुलती एक लेक तिसरीत होती. अंगानं काडी आणि बोलणं नेमकं बोचणारं, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. तर या टाचणीच्या शाळेतून एक दिवस निरोप आला, पालकांनी येऊन भेटावं. भोंगा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. त्याला वाटलं, पोरीनं काहीतरी बक्षीस मारलं असणार.

"मुलगी हुशार आहे," वर्गाच्या बाई म्हणाल्या, आणि भोंग्याची छाती जी फुगायला लागली ती अर्ध्यातच थांबली, कारण त्या पुढे म्हणाल्या, "पण गणितात मागे पडायला लागलीय. तोंडी विचारलं तर येतं. छापलेला आकडा वाचते. पण ऐकून लिहायला सांगितलं की उलटं लिहिते. त्रेपन्न म्हटलं की पस्तीस. मग पुढची अख्खी बेरीज चुकते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा 'ऐकून लिहा' घेणार आहे. तेव्हाही असंच झालं, तर गणिताच्या तासाला तिला पहिलीच्या वर्गात बसवावं लागेल. वर्षभर."

"काळजी करू नका बाई," भोंगा म्हणाला. शेजारच्या वर्गातली कविता थांबली. "आकडे तर आपल्या घरचेच आहेत!"

घरी येऊन त्यानं गणित हातात घेतलं. त्याची शिकवण्याची पद्धत अगदी सोपी होती. मुलाला कळलं नाही तर जोरात सांगायचं, तरी कळलं नाही तर आणखी जोरात. टाचणी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसली. तो समोर उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. "ऐकलं की लगेच लिहायचं," त्यानं बजावलं.

"त्रेपन्न!"

तिनं ३५ लिहिलं.

"त्रे-प-न्न!"

तिनं पुन्हा ३५ लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरात. बाबांना लांबून दिसत नसेल, असा तिचा समज झाला असावा.

"वाच काय लिहिलंस."

"पस्तीस," तिनं वाचलं आणि स्वतःच चक्रावली. "पण मी तर त्रेपन्नच लिहिलं होतं!"

छत्तीस सांगितला तर ६३. एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या त्या दोन आकड्यांना तिनं समोरासमोर आणून बसवलं होतं. निदान तिथे तरी घरात समेट झाला होता. मग एकोणसाठ आला. टाचणी पेन्सिल चावत राहिली.

"बाबा, यात नऊ कुठे आहे?"

"म्हणजे?"

"एकोणसाठमध्ये नऊही ऐकू येत नाही आणि पाचही नाही. नुसता एक येतो आणि साठ येतो."

प्रश्न रास्त होता. भोंग्यानं त्याचा क्षणभर विचार केला आणि मग उत्तर दिलं, "ए-को-ण-साठ! ए-को-ण-साठ! नाही? पुढचा!"

दोन दिवस हे चाललं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून डोकं काढून विनंती केली, "अहो, आम्हा सगळ्यांचं त्रेपन्न पाठ झालंय, आता चोपन्न घ्या." बोळात क्रिकेट खेळणारी पोरं बाद झालेल्याला "नाही? पुढचा!" म्हणायला लागली. इमारतीत गणिताची अशी गोडी कधी नव्हती. फक्त ज्या एका पोरीसाठी हा खटाटोप होता, ती बाबा घरी आले की न सांगता दोन्ही कानांवर हात ठेवायची.

"तिला ऐकू येतं हो," बायको म्हणाली. "ती बहिरी नाही. आम्ही होऊ, अजून आठवडाभरात."

एरवी अशा बोलण्यावर भोंग्याकडे दोन उत्तरं तयार असायची. पण मंगळवारी संध्याकाळी तो बूट काढत दारातच थांबला, कारण आत टाचणी आईला काहीतरी सांगत होती.

"आई, पहिलीच्या खुर्च्या एवढ्याशा आहेत गं. मी बसून पाहिलं. माझे गुडघे वर येतात. सगळे बघतील." आणि ती रडायला लागली. रडतानाही आवाज होऊ देत नव्हती. बुटाची नाडी हातात धरून तो तसाच बसून राहिला, आणि बायकोनं बाहेर येऊन पाहिलं तेव्हा म्हणाला, "उद्या हिचे कान तपासून घेऊ." माणसाला एखादी गोष्ट लागते म्हणजे ती कळतेच असं नाही.

बुधवारी तो टाचणीला शाळेऐवजी दवाखान्यात घेऊन गेला. हॉलमध्ये रांग मोडणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या या माणसानं आपल्या लेकीला टोकनशिवाय कानाच्या डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. डॉक्टरांनी कान तपासले.

"कान एकदम छान आहेत," ते म्हणाले. "घरी आवाज फार असतो का?"

"छे!" भोंगा म्हणाला, आणि डॉक्टर बिचारे खुर्चीसकट मागे सरकले.

मग डोळे तपासले. तेही छान निघाले. भोंग्याची मोठीच निराशा झाली. दोष कानात नाही, डोळ्यात नाही, म्हणजे आता तो सापडायला फारच थोड्या जागा उरल्या होत्या. ड्युटी सुटेपर्यंत टाचणीला त्यानं पहिल्या बाकावर, फळ्याच्या अगदी बाजूला बसवलं आणि तो कामाला लागला.

"बेचाळीस! बेचाळीस!" एक बाई लेकराला घेऊन आत गेली. त्यानं फळा पुसून नंबर लिहिला. "त्रेचाळीस!" पुन्हा पुसला, पुन्हा लिहिला. टाचणी बघत होती. घरी बाबा फक्त बोलायचे. कधी नमुना दिला, तर तो कागदावर तयार लिहिलेला असायचा. बाबांना लिहिताना असं बाजूनं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. हॉलमधल्या बाकीच्यांना तर त्यांची रुंद पाठच दिसायची.

त्रेपन्न आला, तेव्हा ती बाकावरून उठून उभीच राहिली.

"बाबा! तुम्ही पण तीन आधी लिहिता!"

"काहीतरीच काय बोलतेस? बस खाली."

"नाही, खरंच! आधी तीन लिहिलात. मग त्याच्या अलीकडे पाच!"

"मी इतकी वर्षं आकडे लिहितोय," भोंगा हसून म्हणाला आणि हॉलकडे वळला. "मला कुणीतरी एक आकडा सांगा हो. पोरीची खात्री पटू दे."

पायाला प्लास्टर घातलेला एक ट्रकवाला सकाळपासून कंटाळून बसला होता. त्याला आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच काही काम मिळालं. "सदुसष्ट," तो म्हणाला.

भोंग्यानं खडू टेकवला. हातानं फळ्यावर थोडी जागा सोडली, पलीकडे सात काढला आणि मग मागे येऊन त्या सोडलेल्या जागेत सहा बसवला. नंतर आपल्याच हाताकडे त्यानं असं पाहिलं, जणू तो हात कुणीतरी त्याच्या बाहीत विसरून गेलं होतं.

"आणखी एक सांगा," तो म्हणाला.

"अठ्ठेचाळीस!" आधी आठ, मग अलीकडे चार. "एक्याण्णव!" आधी एक, मग नऊ. आता अख्खा हॉल नंबर सांगायला लागला. खोकणारे खोकायचे थांबले. एका आजींनी हवेत बोट फिरवून पाहिलं आणि "अगंबाई, मी पण!" म्हणून हसत सुटल्या. त्रेपन्नमधला पाच ठरवून आधी लिहायचा भोंग्यानं दोनदा प्रयत्न केला आणि दोन्हीदा हात आपोआप पलीकडे गेला. आतून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं, "अरे, पेशंट का पाठवत नाहीस?" त्यांच्याकडे कुणी लक्षही दिलं नाही.

"तुम्ही म्हणाला होतात, ऐकलं की लगेच लिहायचं," टाचणी म्हणाली. "त्रेपन्नमध्ये आधी तीन ऐकू येतो. म्हणून मी आधी तीन लिहायचे. तुम्ही पण तेच करता. पण तुम्ही अलीकडे जागा सोडता." तिचा आवाज चिरका झाला. "जागा सोडायची असते हे मला सांगितलंच नाही ना कुणी!"

नंबर पुकारायचं सोडून भोंगा तिच्या शेजारी बाकावर बसला. हॉलमधल्या जुन्या पेशंटांनी हे पहिल्यांदाच पाहिलं. त्याला शरम वाटत होती. घसा फोडून त्यानं पोरीला सगळं सांगितलं होतं, आणि जे सांगायला हवं होतं ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघं शेजारी शेजारी बसले. त्यानं हळू आवाजात सांगायचं ठरवलं. पण हळू बोलायची सवयच गेलेली, त्यामुळे पहिलं "त्रेपन्न" नुसत्या वाऱ्यासारखं आलं आणि टाचणीला हसू फुटलं. कागदावर बोटभर जागा सोडायची, ऐकू आलेला आकडा पलीकडे लिहायचा, मग मागे यायचं. एकोणसाठचं कोडंही सुटलं. साठाला एक उणा, हे समजावायला त्याला अर्धा तास लागला, कारण आधी ते त्याला स्वतःला समजून घ्यावं लागलं. गुरुवारीही तेच. वरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "सगळं बरं आहे ना खाली? आवाज नाही आला काही."

शुक्रवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. भोंगा नंबर पुकारत होता, पण डोळे दाराकडे. त्यानं एकदा "त्रेपन्न!" अशी हाक दिली आणि तेवढ्यात दारातून बायको आणि टाचणी आत आल्या. टाचणीच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती बाकांमधून वाट काढत त्याच्या स्टुलापाशी येऊन उभी राहिली.

"जमलं? जम..." त्यानं जीभ चावली. पुढचं त्यानं गिळलं आणि खडू हातात धरून तो गप्प बसला. गप्प बसणं इतकं अवघड असतं याची त्याला कल्पना नव्हती.

टाचणीनं श्वास घेतला. "बाईंनी आधी छत्तीस सांगितला," ती म्हणाली. तिला सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. "मी जागा सोडली. शेजारचीनं विचारलं, ही जागा कशाला? मी म्हटलं, थांब. मग एकोणऐंशी आला, तेव्हा मी बोटांवर एक कमी केला. सगळे बरोबर आले. बाई म्हणाल्या, याच वर्गात बस. फक्त एक चुकला."

"कोणता?"

"बावीस."

"बावीस?" भोंगा न राहवून म्हणाला. "अगं, तो तर दोन्हीकडून बावीसच!"

"हो ना. मी जागा सोडली, पलीकडे दोन लिहिला. मग मागे आले तर मला वाटलं, दोन तर लिहिलाय की मघाशीच." आणि ती हसायला लागली. मागे तिची आई पदर तोंडाला लावून हसत होती, आणि डोळेही त्याच पदरानं पुसत होती.

भोंग्याला ओरडून अख्ख्या रस्त्याला सांगावंसं वाटत होतं, पण टाचणीचं अजून संपलं नव्हतं. बाई मग काय म्हणाल्या, शेजारचीनंही जागा सोडून कसं लिहून पाहिलं, सगळं यायचं होतं.

तेवढ्यात टोकन हातात नाचवत एक गृहस्थ पुढे आले. "अहो, त्रेपन्न मी! एकदाच पुकारलंत. जाऊ का आत? का पुढचा घेताय?"

"जरा थांबा," भोंगा हळूच म्हणाला. "ती बोलतेय."