मडक्याचा दोष

चहाचा कप हातात आला की काकू तो आधी नाकाशी न्यायच्या. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने वास घ्यायच्या आणि यजमानांकडे बघून म्हणायच्या, "दूध कालचं आहे." यजमानीणबाई बिचाऱ्या गळ्याशपथ सांगायच्या, "नाही हो काकू, सकाळीच आलंय." त्यावर काकूंचा ठरलेला प्रश्न यायचा, "कशावरून?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण तुमची माणसं देवळातल्या तीर्थाचा वास घेत नसतील. काकू घ्यायच्या. पुजारी ओशाळून दुसरीकडे बघायचा.

ही ऐंशीच्या दशकातली, रत्नागिरीतली गोष्ट. काकू तिथल्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या. गावठी दारूच्या भट्ट्या हुडकून काढण्यात या मंडळाचा हात कुणी धरला नसता, आणि मंडळाचं मुख्य हत्यार म्हणजे काकूंचं नाक. मी मतिमंद मुलांच्या शाळेत शिक्षिका होते. दोन्ही संस्थांचं एकमेकींशी अजिबात पटत नसे. मंडळाला वाटायचं, आम्ही मुंबईच्या पाहुण्यांसमोर मुलं नाचवून कौतुक करून घेतो. आम्हाला वाटायचं, भट्ट्या फोडता फोडता यांना नगरपालिकेत शिरायचंय.

आम्हाला एकत्र आणलं ते चंदाने. खाडीकाठच्या एका वाडीतली ही सहा वर्षांची मुलगी. तिची आई सुनंदा तिला रोज एसटीने शाळेत घेऊन यायची. चंदा अंगाने किरकोळ होती, डोळे बारीक, वरचा ओठ अगदी पातळ, नाकाखालची पन्हाळ जवळजवळ सपाट. आज शिकवलेलं उद्या पुसून जायचं. शाळेत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांनी तिचा चेहरा बराच वेळ निरखला आणि सुनंदाला बाजूला घेऊन विचारलं, "ही पोटात असताना तुम्ही दारू घेत होता का?" सुनंदा एवढी लाजली की पदर तोंडात कोंबून पळतच सुटली. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "गरोदरपणी आई प्यायली तर मूल असं होऊ शकतं, असं आता परदेशात म्हणू लागलेत. आणि या बाईला पुन्हा दिवस गेलेत."

आमचे चिटणीस उत्साही. त्यांनी ठरवलं, मंडळाच्या मदतीने सगळ्या आयांना सासवांसकट बोलवायचं आणि एकेकीला सरळ विचारायचं. मंडळासोबत बैठक झाली. आमची माणसं खुर्च्यांवर, त्यांच्या बायका सतरंजीवर. मध्ये चहाचा ट्रे. काकूंनी वास घेऊन कप खाली ठेवला, मग मंडळाच्या एकाही बाईने चहाला हात लावला नाही.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं.

"कशावरून?" काकू म्हणाल्या.

"एकेका मुलाबद्दल खात्रीने नाही सांगता येत. पण शक्यता आहे."

"म्हणजे शक्यतेवर तुम्ही पोरांचे ओठ मोजणार आणि आयांवर आळ घेणार. तोही सासूसमोर! या सुनंदाचा नवरा मुंबईला. उद्या सासूने हिला पोरीसकट माहेरची वाट दाखवली, तर ठेवून घ्यायला तुमची संस्था येणार का?"

चिटणीसांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला काकूंचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

शेवटी काकू म्हणाल्या, "आधी मी घर बघते. आणि ही बाई माझ्याबरोबर येईल." ही बाई म्हणजे मी. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, शाळेचं माणूस डोळ्यांसमोर असलेलं बरं म्हणून.

दुपारच्या गाडीने आम्ही वाडीत गेलो. भंडारी समाजाचं घर, दारात माड. चंदाच्या आजीने, म्हणजे सुनंदाच्या सासूने, पाट मांडले, गूळपाणी दिलं. काकूंनी गुळाचा वास घेतला, पाण्याचाही घेतला. मी मान खाली घातली. बोलता बोलता काकूंची नजर चुलीमागच्या कोपऱ्यात गेली. तिथे फडकं बांधलेलं एक मडकं होतं.

"त्यात काय?"

"ती सुनेची माडी," आजी कौतुकाने म्हणाली. "माझा धाकला माडावं चढतो. सकालची गोड माडी, पोटुशीला लय थंड. ही सकाळी चंदाला घेवन जाते, दुपारची येते. म्हनून ठेवतंय तिच्यासाठी. घरात दुसऱ्या कुनाला हात लावू देत नाय मी. चंदाच्या वेलेला ही मजुरीला जायची, तवा पन असाच ठेवून दिला."

"दुपारपर्यंत आंबत नाही?"

"आंबते थोडी. पोटुशीला आंबट गोड लागतंच की!"

माडाचा हा रस पहाटे उतरवला तेव्हा गोड असतो, पण दुपारपर्यंत चांगला फेसाळतो आणि चढतोही. सुनंदा डॉक्टरांपुढून पळाली ती काही लपवायला नव्हे. त्या घरात त्याला दारू कुणी म्हणतच नव्हतं. सासूने मायेने दिलेलं आंबट पेय ती मुकाट्याने पीत आली होती. आता ती दारात उभी होती, चौकट घट्ट धरून. काय निघणार आहे ते तिला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं होतं. खरं बाहेर आलं तर ते कुणाच्या माथ्यावर बसणार, हेही तिला माहीत होतं.

काकूंनी फडकं सोडून वास घेतला. खूप वेळ घेतला. आता ही बाई पदर खोचणार आणि भट्टीवर गरजते तशी गरजणार म्हणून मी पाटावरून अर्धी उठले.

"आजी," काकू तिच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "हे मडकं बाधलंय."

आजीने मान वर करून विचारलं, "कशावरनं?"

काकूंना हा प्रश्न कुणी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. क्षणभर त्याही गडबडल्या.

"वासावरून. जन्म गेला माझा वास घेण्यात. तुमच्या मायेत खोट नाही, सून तर गुणाची आहे. मडकं वाईट निघालं. त्यातलं पोटातल्या जिवाला सोसत नाही. आता हिची सुटका होईपर्यंत कुठल्याच मडक्यातली माडी हिला द्यायची नाही. शहाळं द्या. ते आपलं भांडं घेऊनच येतं."

आजीने मडकं उचललं, अंगणात नेलं आणि दगडावर आपटलं. चंदाने टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "काकू, तुम्ही चक्क खोटं बोललात."

"कशावरून? आंबलं ते मडक्यातच ना?" मग थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "त्या म्हातारीने हातातलं सोडून सुनेला पाजलं गं. तुझ्याच हाताने नातीचं असं झालं, हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि झालं ते त्यानेच, हे तरी कोण सांगणार? तुझा डॉक्टर?" त्यांनी डोळे पुसले आणि धुळीला शिव्या दिल्या. पावसाळा होता, धूळ कुठेच नव्हती.

म्हणून त्यांचा म्हातारीवर विश्वास बसला असं मात्र समजू नका. त्या ऐन दुपारी अचानक वाडीत जाऊन धडकायच्या. "जवळ ये गं, वेणी बघू कशी घातलीस," म्हणत सुनंदाचं डोकं जवळ ओढायच्या आणि तिच्या श्वासाचा वास घ्यायच्या. सुनंदा हसू दाबायची. मुलगा झाला तेव्हा काकूंनी त्याच्या नाकाखालच्या पन्हाळीवरून बोट फिरवलं, त्याला रडवून आवाज ऐकला आणि नर्सने "छान आहे हो बाळ," म्हटल्यावर तिलाही सोडलं नाही. "कशावरून?"

पुढे आमच्या दोन्ही संस्थांनी मिळून गावोगावच्या डोहाळजेवणांना जायची प्रथा पाडली. ओटी भरून झाली की सगळ्या बायकांना एकत्रच, कुणा एकीकडे न बघता, सगळं खरं खरं सांगायचं: माडी असो की काजूची दारू, पोटुशीने आंबलेलं काही घ्यायचं नाही आणि कुणी द्यायचं नाही. सासूसमोर सुनेला काही विचारायचं नाही, ही काकूंची अट. आमचे चिटणीस मंडळावर आणि मंडळ चिटणीसांवर शेवटपर्यंत डोळा ठेवून होते, पण गाडीत शेजारी बसायला लागले होते.

काकू गेल्या त्यानंतर मंडळाच्या खोलीत शोकसभा झाली. चंदाची आजी काठी टेकत आली होती. सोबत सुनंदा, चंदा आणि शाळेत जाऊ लागलेला तो मुलगा. सभा संपल्यावर आजीने मला खिडकीपाशी बोलावलं.

"बाय, तुला सांगायचा व्हता. ता मडका कोरा व्हता. त्याच आठवड्यात बाजारातनं आनलेला."

"मग फोडलंत कशाला?"

"तुमची बाय माझ्याकडं बघत व्हती ना, तवाच मला कलला. दोष मडक्याचा नाय, माझ्या हाताचा." ती चंदाच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "पन तिनं नाव मडक्याचा घेतला. मंग मी पन घेतला. नायतर या पोरीकडं मी कशी बघनार व्हते?"

मला रडू आवरेना. काकूंना फसवणारं माणूस त्या जन्मात एकच भेटलं, आणि तेही त्यांचा शब्द राखण्यासाठी. हे त्यांना सांगायला हवं होतं.

तेवढ्यात चहा आला. सगळ्यांनी कप उचलले, मी माझा आधी नाकाशी नेला. दूध आदल्या दिवशीचं होतं. कुणीच काही बोललं नाही.