भाकरीमागचं लंडन

जगातल्या नामांकित वास्तूंना ज्वारीच्या भाकरीमागं उभं करणारा एकच माणूस आजवर जन्माला आला आणि तो माझा मामा निघाला, हे आमच्या घराण्याचं थोर भाग्य. जळकोटच्या मामांच्या संग्रहात लंडन आहे, पॅरिस आहे, व्हेनिसचे कालवे आहेत, लिस्बनचा जुना धक्का आहे. पण सगळं मागं, धुरकट, अंग चोरून. पुढं, बरोबर मध्यभागी, मामींच्या हातची कडक भाकरी. तव्यावरून उतरवून वाळवलेली, पापडासारखी पातळ, महिनाभर न विटणारी. स्टीलच्या तांब्याला टेकवलेली.

मामा येडशीला स्टेशनमास्तर होते. हयातभर दुसऱ्यांच्या गाड्यांना हिरवा झेंडा दाखवल्यामुळं निवृत्तीनंतर ते स्वतःच निघाले. मामींनीही बरोबर जावं हे सरळ होतं, पण मामींना गाडी लागते. जळकोटहून नळदुर्गला, म्हणजे बसल्या जागी डुलकी लागायच्या आत संपणाऱ्या प्रवासात, त्यांच्यासाठी जीप दोनदा थांबवावी लागते. पहिल्या सफरीच्या वेळी त्या वैतागून म्हणाल्या, "मला कुठं न्हेता? माझी भाकर न्या." मामांनी हे वाक्य रेल्वेच्या लेखी हुकमासारखं पाळलं.

फोटो काढताना मामा चारशे वर्षं जुन्या फरशीवर पालथे पडतात आणि चौकटीत माणूस येऊ देत नाहीत. व्हेनिसच्या धक्क्यावर एका नवविवाहित जोडप्याला त्यांनी प्लॅटफॉर्मच्या कडेवरून उतारू मागं सारावेत तसं हातवारे करून सारलं म्हणे. कारण विचारलं तर म्हणाले, "माणूस दिसला की बघणारा माणसाकडंच बघतो. मग भाकरीकडं कोण बघंल?" एका विमानतळावर अधिकाऱ्यानं भाकरी टेबलावर आपटून पाहिली. ती लाकडासारखी वाजली. तेव्हा मामांनी त्याच्यासमोर कडेचा तुकडा मोडून खाल्ला आणि मान डोलावली. त्या सफरीतल्या झाडून सगळ्या राजवाड्यांपुढं कड तुटलेली भाकरी आहे.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना बसायला गठ्ठे सरकवून जागा करावी लागे. तेव्हा मामांच्या ह्या निरागसपणाचा मला मनस्वी संताप येई. लंडनच्या गोद्यांचा फोटो समोर धरून मी एकदा विचारलं, "मामा, आपल्याकडून लुटून नेलेला माल इथंच उतरायचा. तिथं उभं राहून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की," मामा म्हणाले. "वारा लई होता. भाकर पडंल असं वाटलं."

तरी मी हार मानली नाही. 'साम्राज्याच्या उंबऱ्यावर ज्वारी' असं जळजळीत पत्रक लिहून त्यांना दाखवलं. मामांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "झकास लिहिलंस. फक्त तांब्याचं राहिलं."

मामींचं समीक्षण आणखी कडक. सगळे फोटो स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्यांना लटकतात. गावांची नावं त्यांना आठवत नाहीत, पण त्या बोट ठेवून सांगतात, "ही जरा करपली व्हती. ही तुझ्या भावाच्या साखरपुड्याच्या दिवशीची. हिला मीठ जास्त झालं." मागं पॅरिसचं नोत्र दाम उभं असतं.

यंदा मामांचं इस्तंबूल ठरलं होतं. नवा खिळाही ठोकून झाला होता. उन्हाळ्यात मामी न्हाणीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण आता भाकरी थापायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी व्यवहार्य तोडगा सुचवला. गावातल्या बचत गटाच्या बायका कडक भाकऱ्या पाकिटात भरून विकतात, तेवढाच त्यांच्या श्रमांना जागतिक सन्मान.

"त्या भाकरीची माझी वळख न्हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी इस्तंबूल रद्द केलं.

मामी त्या मोकळ्या खिळ्याकडं पाहून "माझ्यापायी ऱ्हायलं" म्हणायच्या. मग भिंतीकडं पाहायचंच त्यांनी सोडलं. स्वयंपाकघरात भिंतीकडं न पाहता वावरणं किती अवघड असतं, ते मी तेव्हा पाहिलं.

मामांनी परात पुढं ओढली. त्यांच्या हातून तव्यावर जे पडे, त्यात ते अजून न गेलेल्या देशांचे नकाशे ओळखू येत. मामी पाटावर बसून हुकूम सोडत, "आवं, थापायची हाय, धोपटायची न्हाय." श्रावणात एक भाकरी साधारण गोल झाली. ती वाळवून मामांनी जीप सांगितली. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचं पाणी बंधाऱ्यावरून कोसळत होतं. "इस्तंबूलला पाणी हाय, हितंबी पाणी हाय," एवढंच ते बोलले. मामीही बरोबर होत्या; वाटेत जीप तीनदा थांबली होती.

मामा सवयीनं ओल्या दगडावर पालथे पडले. पण त्यांची भाकरी इतकी जड, की तांब्याच आडवा झाला. मी धरते म्हटलं, तर नको म्हणाले. शेवटी मामींनी डाव्या हातात भाकरी धरली आणि हात लांबवून स्वतः चौकटीबाहेर सरकू लागल्या.

"हलू नको," मामा म्हणाले.

"आवं, म्या दिसंन त्यात. मग भाकरीकडं कोण बघंल?"

मामांनी फोटो काढला.

त्या मोकळ्या खिळ्यावर आता तो लटकतो. भाकरी अर्धी चौकटीबाहेर गेली आहे, पाणी धुरकट आलं आहे, आणि मध्यभागी गाडी लागून पांढऱ्याफटक पडलेल्या मामी हसतायत. मामांनी त्यानंतर सफरीचं नाव काढलेलं नाही. ह्यावरही एक पत्रक लिहायला मी बसले होते, पण कुणाचा निषेध करायचा ते ठरेना.

मामी मात्र पुन्हा भिंतीकडं पाहू लागल्यात. चहा उकळेस्तोवर त्या फोटोपुढं उभ्या राहतात आणि रोज तेच म्हणतात, "भाकर लई जाड झालीया."

परातीत पीठ मळता मळता मामा म्हणतात, "तुला भाकरीकडं बघायला कुणी सांगितलं?"