बिबड्यांमधलं पिस्तूल

आमच्या घरी मिक्सर घ्यायचा झाला तरी माझा पहिला प्रश्न भांड्याचा असतो. भांडं फुटलं तर दुसरं मिळेल का, पातं बोथट झालं तर कुठं बदलून देतात, रबर गेलं तर काय करायचं. ही सवय मला माझ्या भावाने लावली. तो इथल्याच लिंबायत भागात लूमचा, म्हणजे कापडाच्या मागाचा, फिटर आहे, आणि जिचा पार्ट बाजारात मिळत नाही ती मशीन त्याच्या लेखी भंगार. म्हणून नवऱ्यासाठी पिस्तूल घ्यायला गेलो तेव्हाही मी दुकानदाराला तेच विचारलं. मी पिस्तुलावर चटणीचं भांडं फुकट मागितलं असावं, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.

माझा नवरा फौजेतून निवृत्त झालेला. डिंडोलीत सगळी गल्ली त्यांना फौजी म्हणते, मीही इथं तेच म्हणते. निवृत्तीनंतर ते एका मिलच्या फाटकावर होते. मिल दुसरीकडे गेली आणि फौजी घरी बसले. नुसते बसले असते तर माझी तक्रार नव्हती. पण त्यांनी माझ्या स्वयंपाकघराची परेड घ्यायला सुरुवात केली. डबे उंचीप्रमाणे रांगेत लागले, आणि हळद समजून मी भाजीत बेसन टाकलं. मी साड्यांना स्टोन चिकटवायला बसले की मागे उभे राहून ओळ वाकडी चालली म्हणून सांगायचे. संध्याकाळी मात्र गच्चीवर जाऊन एकटेच उभे राहायचे. मी वर गेले तर पाण्याची टाकी बघतोय म्हणायचे. ते मला बघवत नव्हतं.

अशात रिंगरोडच्या कापड मार्केटमधल्या एका शेठना सोबत चालायला हत्यारवाला माणूस हवा असल्याचं कळलं. हत्यार त्याचं स्वतःचं, परवान्याचं हवं, आणि छोटं हवं, कारण कमरेला फुगवटा दिसला की गिऱ्हाईक बिचकतं. हत्यार आणि माणूस दोन्ही डोळ्यांनी बघून मगच शेठ ठरवणार होते. फौजींनी गावाकडची लांब नळीची बंदूक विकली, कचेरीत खेटे घालून छोट्या हत्याराची परवानगी मिळवली, आणि आमच्या घरात खरं युद्ध पेटलं.

निवड दोघांतली होती. एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर, जुन्या घडणीचं. दुसरं नवं पिस्तूल, चपटं, काळं, मुठीत मॅगझिन सरकवायचं. फौजींचा जीव पिस्तुलावर. मोबाइलवर त्यांनी त्याचे इतके व्हिडिओ पाहिले होते की माझ्या मोबाइललाही जाहिराती येऊ लागल्या. मी रिव्हॉल्व्हरच्या बाजूने होते. त्याची स्प्रिंग, मूठ, साफ करायची सळई सगळं तिथंच मिळत होतं, आणि चामड्याची कव्हरं तर चपलांसारखी टांगलेली होती. पिस्तुलाचं दुसरं मॅगझिन हवं तर मागवावं लागणार, बिघडलं तर कंपनीत पाठवावं लागणार, आणि त्या मापाचं कव्हर तर अजून कुणी बनवतच नव्हतं. मी म्हटलं, म्हणजे हे मेलं आजारी पडलं तर याला डॉक्टर नाही आणि अंगात घालायला कपडाही नाही. दुकानदार हसला. फौजी हसले नाहीत. त्यांनी रिव्हॉल्व्हर कमरेला लावून वरून शर्ट सोडला आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्याचं गोल चक्र कमरेवर असं उठून दिसत होतं, जणू खिशात कांदा ठेवलाय. मी हरले आणि पिस्तूल घरी आलं.

आता कव्हर. लिंबायतमध्ये रिक्षांच्या सीटा आणि हूड शिवणारा एक कारागीर आहे, आमच्याच खान्देशातला. तो कशालाही कव्हर शिवतो. पण फौजी पिस्तूल त्याच्या हातात द्यायला तयार होईनात. परवान्याचं हत्यार दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे गुन्हा, हे त्यांनी मला अशा आवाजात सांगितलं की मीच आरोपी. मग तोडगाही त्यांनीच काढला. माझ्याकडून कणीक घट्ट मळून घेतली, पिस्तूल रिकामं करून शेजारी ठेवलं, आणि पट्टी लावून लावून कणकेचं हुबेहूब पिस्तूल घडवलं. घोड्यावरच्या रेघासुद्धा टाचणीने ओढल्या.

ते वाळत कुठं घालायचं? गच्चीवर माझ्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होत्या, त्यांच्यातच ठेवलं. दुपारी शेजारीण कपडे काढायला वर गेली आणि कपडे न घेताच खाली आली. त्या दिवसापासून ती माझ्याशी फार आदराने बोलते. आता बिबडी वाळली की आकसते हे मी जन्मापासून बघत आलेय. पण कणकेचं पिस्तूलही आकसेल, हे शेजारणीला हसण्याच्या भरात माझ्या डोक्यातच आलं नाही. फौजींच्या तर येणारच नव्हतं.

कारागिराने ते हातात घेऊन वास घेतला.

“भाऊ, हाई पिस्तूल शे का बट्टी?” त्याने विचारलं. म्हणजे हे पिस्तूल आहे की वरणात कुस्करायची कणकेची बट्टी?

फौजींनी गंभीरपणे सांगितलं की माप काटेकोर आहे, त्यात सूतभरही फरक नको. त्याने खरंच केला नाही. काळ्या रेक्झिनचं कव्हर, आत सीटचा फोम, वरून चौकटीची शिलाई, आणि कडेला पोपटी पायपिंग. पायपिंगशिवाय त्याच्या हातून कधी काही बाहेर पडलंच नसावं. पिस्तूल आत जाताना जरा कुरकुरलं. काढताना दोनदा ओढावं लागलं. नवं आहे, वापरून सैल होईल, असं फौजी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीची सफारी घालून मार्केटला गेले.

पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. शेठची म्हातारी आई, बा, गादीवर बसून होती. दुकानात हत्यार येणार म्हणून ती आधीपासूनच रुसलेली. शेठ म्हणाले, दाखवा. फौजींनी हात घातला आणि ओढलं. पिस्तूल हललं नाही. पुन्हा ओढलं. उकाड्याने फोम आणखीनच घट्ट बसला होता. तिसऱ्या वेळी कव्हर आलं, कव्हराबरोबर पट्टा आला, पट्ट्याबरोबर पँट पार बरगड्यांपर्यंत आली, पण पिस्तूल काही आलं नाही. गठ्ठे बांधणारी माणसं हात सोडून बघत राहिली. तेवढ्यात बा बोलली.

“आने ज राखो, बेटा. एनी बंदूक नीकळती ज नथी.”

यालाच ठेव, याची बंदूक निघतच नाही. आईचा शब्द शेठना मोडवेना. फौजींना तिथल्या तिथं कामावर ठेवलं.

हे ऐकून मी इतकी हसले की मांडीवरचं स्टोनचं ताट सांडलं. खाली वाकून स्टोन गोळा करू लागले तरी हसू थांबेना. मग वर पाहिलं. फौजी अजून दारातच उभे होते, बूटही काढले नव्हते.

“नोकरी भेटनी,” ते म्हणाले. “पन त्या समदा मन्हावर हासनात.”

मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाला कामावर जाऊ दे म्हणून मी देवाला हात जोडत होते, त्याला काम मिळालं होतं ते गंमत म्हणून. मी त्यांना म्हटलं, उद्या सकाळीच लिंबायतला जाऊ, बूट काढा आधी. या वेळी माप मी घेतलं. साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा पिस्तुलाभोवती धरून कापला, ब्लाउजला ठेवते तशी माया ठेवली, आणि कारागिराला फोम काढायला लावला. त्याने हात जोडून माफी मागितली आणि पायपिंग तेवढं राहू द्या म्हणाला. राहू दिलं.

घरी आल्यावर फौजींनी मॅगझिन कपाटात ठेवलं, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासलं, आणि कव्हर कमरेला लावून खोलीच्या मधोमध उभे राहिले. हात गेला आणि पिस्तूल बाहेर आलं. कुठं अडलं नाही, आवाजही झाला नाही. त्यांचा चेहरा उजळला, आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं. या वेळी मी चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघितलं. तो हात कधी निघाला ते मला दिसलंच नाही. दिसला तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखलेला होता आणि जराही हलत नव्हता.

मला भीती वाटली. इतके दिवस मी त्याच्या स्प्रिंगवरून भांडले, कव्हरावरून भांडले, आणि ते कव्हरातून कशासाठी बाहेर निघतं याचा एकदाही विचार केला नाही. बाने तो आधीच केला होता.

फौजींनी विचारलं, आता ठीक झालं ना? मी हो म्हटलं. सकाळी ते डबा घेऊन निघाले तेव्हा मी चपला घालून गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांच्यासोबत गेले. असं मी आधी कधी केलं नव्हतं. रिक्षात बसता बसता त्यांनी विचारलं, काही सांगायचं राहिलं का?

मी म्हटलं, “नाही. घरी या लवकर.”