फितीवरची ओवी

"तार रुसलीय, जरा दम धरा," असं म्हणत नाना हातातली पोलादी कांडी सदऱ्याला पुसायचे. मग मांडीवर आडव्या घेतलेल्या गिटारीच्या तारांवरून ती अशी सरकवायचे, की ऐकणारा हातातलं काम विसरायचा.

जळगावच्या आमच्या सरकारी कचेरीत ते टायपिस्ट होते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: कचेरीत कुणाच्या ध्यानातही न येणारी आणि हातात वाद्य आलं की खोलीभर होणारी. गणपतीत ते सिनेमातली गाणी वाजवत, टाळ्या घेत. पण आम्ही पाचसातजण वेडे झालो होतो ते त्यांच्या ओवीसाठी. आई गेल्यावर भडगावच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, त्यांना वाढवलं होतं. ती जात्यावर म्हणायची ती ही ओवी. शब्द नसत, नुसती तार रडायची. कुणी वाहवा केली तर नाना ओशाळून म्हणत, "माझं काय त्यात? बठ्ठं अक्कानं शे, सगळं तिचंच."

मेहुण्यानं परदेशातून मला टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा एका रविवारी दुपारी मी पहिल्यांदा नानांची ओवीच भरून घेतली. स्वतःचं वाजवणं त्यांनी मला पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "अक्काला ऐकवायला पाहिजे. ती कार्यक्रमाला कधी येत नाही."

"घेऊन या की एकदा," मी म्हटलं.

माझ्याकडे फीत एकच होती. कोरी फीत मुंबईहून मागवावी लागे. दिवाळीत सासरची मंडळी आली आणि प्रत्येकाला आपला आवाज ऐकायचा होता. मी ओवीवरच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, ओवी पुसली गेली. कुणी शिंकलं, कुणी कोंबड्यासारखं आरवून दाखवलं. आम्ही पोट धरधरून हसलो. मनात म्हटलं, नाना दोन गल्ल्यांवर तर राहतात. पुन्हा वाजवतील.

पुढे त्यांची धुळ्याला बदली झाली. निघताना त्यांनी विचारलं, "फीत आहे ना?"

"आहे की," मी म्हणालो.

वर्षाच्या आतच धुळ्याहून निरोप आला. कावीळ झाली आणि आठ दिवसांत नाना गेले. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये जमलो. त्यांचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून रिकाम्या खुर्चीला हार घातला. आमच्यातले एक कापड दुकानदार बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "नाना कुठे गेलेत? यांच्या घरी फितीवर आहेत ते!" सगळे माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.

पंधरा दिवसांनी अक्का दारात उभ्या. भडगावहून सकाळच्या एसटीनं एकट्याच आल्या होत्या. पाणीही न घेता म्हणाल्या, "भाऊ, तुमनाजोडे तेनं वाजाडेल शे ना? माले एकदाव आयकाडा."

भावाचं वाजवणं त्यांना एकदा ऐकायचं होतं. तेव्हा खरं सांगून टाकता आलं असतं. मी म्हणालो, "मशीन बिघडलंय, अक्का."

बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्यासाठी भाकरी टाकायला ती आत गेली. अक्काही तिच्यामागे चुलीपाशी जाऊन बसल्या. बायकोनं विचारलं असावं, ती ओवी कोणती. थोड्या वेळानं आतून म्हाताऱ्या, किंचित चिरक्या आवाजात ती सुरू झाली. तेच वळण, तीच मधली थांबण्याची जागा. फक्त आता तिला शब्द होते. भावाला उन्हात चालताना कुणी सावली द्यावी, असं काहीसं त्या म्हणत होत्या.

टेपरेकॉर्डर माझ्या हाताशी होता, भरतकामाच्या रुमालाखाली, अगदी व्यवस्थित चालणारा. फीतही त्यावर चढवलेली होती. बटण दाबायला मी उठलो. पण मशीन बिघडलेलं होतं. मी तसं सांगितलं होतं. ओवी संपेपर्यंत मी त्या रुमालावर हात ठेवून उभा राहिलो.

दुपारी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी सुटताना अक्कांनी खिडकीतून माझा हात धरला. भावाची फीत मी जपली, या समाधानानं म्हणाल्या, "तुम्हीन जपी ठेवं, भाऊ. चांगलं करं."