कडब्याची गंजी

दर्यापूरच्या जीपमध्ये आज जळक्या कडब्याचा वास आला आणि माझी मान आपोआप खाली गेली.

मी पूर्वी हवाई दलाच्या तळावर फायरमन होतो. विमानाच्या जळत्या तेलावर पाणी मारलं की आग पसरते, तिथं फेसच लागतो, हे अंगात भिनलेलं. सुट्टीवर आलो असताना आमची गंजी पेटली. वहिनी बादली घेऊन धावली. मी ती हिसकली आणि ओरडलो, "पाणी टाकू नका कोणी."

धावून आलेले शेजारी, सारे भरल्या बादल्या घेऊन थबकले.

"भाऊजी, हा कडबा होय, विमान नोय," वहिनी म्हणाली.

तोवर जाळ गोठ्याला भिडला होता. गाय सुटली, वासरू आतच राहिलं.

तेव्हा वहिनीच्या बोलण्याची लाज वाटली होती. आता वाटते ती, सगळ्यांनी माझं ऐकलं याची.