अत्तम्माचा सोमवारचा सिनेमा

तार वसतिगृहाच्या कार्यालयात सकाळी आली. 'अत्तम्मा सिरियस, ताबडतोब निघ' एवढाच मजकूर होता. आमच्या घरून येणाऱ्या तारेत माणूस कधी गेलेला नसतो. तो सिरियस असतो, म्हणजे निघणाऱ्याला निदान प्रवास तरी सोसावा. ही रीत मला पक्की ठाऊक होती. तरीही पुणे सोडल्यापासून सोलापूर स्टेशनाआधीचे रुळांचे फाटे दिसेपर्यंत मी त्या एका शब्दाला धरून बसले होते. पुराव्यावाचून काही मानू नये असे जिला गेली चार वर्षे शिकवले गेले, ती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी एका नेहमीच्या खोट्यावर विश्वास ठेवून प्रवास करत होती. घराशी पोचले तेव्हा वडिलांचे दोन्ही माग बंद होते. कामाच्या दिवशी ते बंद असलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते... मग विचारायचे काही राहिले नाही.

अत्तम्मा म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गल्ली तिला नरसव्वा म्हणे. गिरणीत कामाला असलेला तिचा नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी वारला आणि ती माहेरी, म्हणजे आमच्या घरी, परत आली. आजोबा गेल्यावर घर आणि माग वडिलांकडे आले. पुढच्या खणात चादरी विणणारे माग, मागे अत्तम्माची खोली आणि दोहोंच्या मध्ये ओसरी, असे आमचे घर. घरात तेलुगू आणि ओसरीवर मराठी, अशी भाषांची वाटणी होती. अत्तम्माच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती आणि त्या पेटीवर तिच्या नवऱ्याचा चौकटीतला फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला असे. तो टांगत का नाहीस, असे मी लहानपणी विचारले होते. भिंत ओली आहे, असे ती म्हणाली. सोलापुरात, मे महिन्यात! त्या उत्तराची तपासणी मी तेव्हाच करायला हवी होती.

ती विड्या वळत असे. जेवणानंतर गल्लीतल्या चारपाच जणी आमच्या ओसरीवर मांडीत सूप घेऊन बसत. भिजवलेल्या पानांचा आणि तंबाखूचा एक कडवट, दमट वास दुपारभर तिथे असे. दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या व्हायच्या असत, त्यामुळे हात थांबत नसत. थांबायचे नसत ते कानही. रविवारी सकाळी शहरातल्या एका टॉकीजमध्ये तेलुगू चित्रपट लागे. सगळ्यांना जाणे परवडत नसे आणि निम्म्या जणींना तेलुगू येत नसे. म्हणून त्यांनी एक व्यवस्था लावली होती. सर्वांनी मिळून एकच तिकीट काढायचे, अत्तम्माने सिनेमा पाहून यायचे आणि सोमवारी तो मराठीत सांगायचा. त्या सकाळी तिच्या न झालेल्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. मी तेव्हा सातवीत होते. अर्ध्या तिकिटावर मलाही तिच्याबरोबर पाठवले जाई, कारण विसरले तर आठवण करून द्यायला कुणीतरी हवे, असे तिचे म्हणणे. प्रत्यक्षात ती काही विसरत नसे.

सांगायला बसली की ती सर्वच पात्रे होई. नायिकेसाठी ती पदर बदलत नसे, फक्त मान बदले. खलनायकासाठी पाने कातरायची कात्री हवेत दोनदा चालवी. मध्यंतर आले की सूप खाली ठेवून स्वतःच 'इंटरवल' म्हणे आणि मग सगळ्या जणी उठून पाणी पिऊन येत. गाण्यांचा ती एका वाक्यात निकाल लावी. "हितं दोघं बागेत गेली," एवढे सांगून पुढे.

त्या वर्षी एक जुना विनोदी चित्रपट पुन्हा लागला होता. एक धनवान, कवडीचुंबक म्हातारा. त्याचे तीन मुलगे, तीन सुना आणि लांब दिलेली एक मुलगी. आपण आता फार दिवसांचे सोबती नाही, अशी आवई म्हातारा स्वतःच उठवतो आणि सारे घर त्याच्या लोखंडी पेटीभोवती गोळा होते. एक मुलगा पेटीवरच अंथरूण घालतो. दुसरा वडिलांचे पाय इतके चेपतो की म्हातारा लंगडू लागतो. बूट करकरणारा एक वकील मृत्युपत्राचा कागद घेऊन खोलीत शिरला की घरातल्या सगळ्यांना एकदम रडू फुटते. सोमवारी अत्तम्माने त्या वकिलाच्या बुटांचा आवाज तोंडाने असा काढला की सुगलाबाईच्या हातातली विडी सुटली.

ही सुगलाबाई समोरच्या खोलीत राहणारी, माहेर वळसंग गावचे. घरी कानडी, बाहेर मराठी. तेलुगू मात्र अजिबात नाही. तिचे वडील त्याच उन्हाळ्यात वारले होते. नवऱ्याच्या छातीत दुखणे होते, त्याचे काम सुटले होते. गावाकडच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही करायला भावाने तिला गुरुवारी कचेरीत बोलावले होते. हे ओसरीवर सर्वांना ठाऊक होते आणि त्याविषयी कुणी बोलत नव्हते.

चित्रपटाच्या अखेरीस म्हातारा ठणठणीत उठून बसतो आणि सगळी मालमत्ता मुलीच्या नावे करतो, कारण पेटीकडे न बघता त्याच्याजवळ बसलेली तेवढी एकच. आता पुढे काय, म्हणून सगळ्या जणी अत्तम्माकडे पाहू लागल्या. सुगलाबाईने मात्र सुपातून मान वर केली नाही.

"मग तिनं भावांना दिली का सही करून?" तिने विचारले.

अत्तम्माने हातातली विडी बांधून सुपात टाकली. पुढच्या खणात वडिलांचा माग चालू होता... "न्हाय दिली," ती म्हणाली. "माझं मला राहू द्या म्हणाली. संपला पिच्चर."

मी ताडकन उभी राहिले. हे धादांत खोटे होते. चित्रपटात मुलीने हसतमुखाने सही केली होती, भावांनी तिला डोक्यावर घेतले होते आणि सगळ्या कुटुंबाने एकत्र फोटो काढला होता. मी हे सर्व, बहुधा फार मोठ्या आवाजात, सांगून टाकले. अत्तम्माने पानाला कात्री लावली आणि शांतपणे म्हणाली, "हिला झोप लागली होती की शेवटाला. घोरत होती." ओसरीभर हशा पिकला. कुणीतरी मला झोपाळू म्हटले आणि ते नाव पुढे दोन वर्षे टिकले.

अन्यायाचा मला आलेला हा पहिला अनुभव. मी वहीत सात मुद्दे लिहून काढले. शेवटच्या दृश्यात वकिलाने कोट काढलेला होता. थोरल्या सुनेच्या कडेवर मूल नव्हते. मुलीच्या हातात शाईची दौत होती, वगैरे. झोपलेल्या माणसाला हे दिसणे शक्य नाही, असा निष्कर्ष खाली अधोरेखित केला. अत्तम्माला वाचता येत नव्हते, म्हणून तिच्या खोलीत जाऊन ती सातही कलमे मोठ्याने वाचून दाखवली. तिने मध्ये न बोलता सारे ऐकून घेतले.

"बरोबर आहे. तुला झोप लागली नव्हती."

"मग सगळ्यांना सांग."

"नाही सांगणार," असे म्हणून ती पाने मोजू लागली.

माझा राग फार काळ टिकला नाही. तिच्यावर तो टिकणे अवघड होते. परीक्षेच्या दिवसांत माझ्या उशाशी गार पाण्याचा तांब्या ठेवणारी तीच. शाळेत मी केलेल्या प्रयोगांच्या गोष्टीसुद्धा ती ओसरीवर सांगे आणि त्यांत नसलेला एखादा स्फोट घाले. आम्ल-आम्लारीच्या साध्या प्रयोगात माझ्या हातून शाळेचे छप्पर उडाले, असे गल्लीतल्या काही जणींना आजही वाटते. सत्यात फेरफार करणे हा तिचा स्वभावच आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि त्या सोमवारचे प्रकरण मिटवून टाकले. तो निष्कर्ष घाईचा होता.

पुण्याला जायचा विषय निघाला तेव्हा वडील गप्प गप्प राहू लागले. मुलगी एकटी, परगावी. कुणाही बापाला पडावी तशी ती काळजी होती. एकदा जेवताना अत्तम्मा त्यांना म्हणाली, "जाऊ दे तिला, राजेशम. आणि जाताना तिच्याकडून काही लिहून घेऊ नकोस." वडील हसले नाहीत. ताटातला भात त्यांनी तसाच ठेवला. शिकून परत येईन, असे काही माझ्याकडून लिहून घ्यायचे त्यांच्या मनात असावे, असा मी अर्थ लावला. मी चुकले, हे मला कळायला चार वर्षे आणि एक मृत्यू लागला.

तेरावा झाल्यावर सुगलाबाई माझ्याजवळ येऊन बसली. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने विचारले, "ते पेटीवाल्या म्हाताऱ्याचं पिच्चर आठवतंय का तुला?" मी म्हटले, आठवते, आणि मला झोप लागली नव्हती.

"ठाऊक हाय की मला," ती म्हणाली. "तुझी अत्ती त्याच दिवशी सांजच्याला घरी आली माझ्या. म्हणली, पोरगी खरं बोलती. पिच्चरमधली सही करती. पण पिच्चर तितंच संपतंय, सुगला. पुढचं मला माहीत हाय."

आणि तिने पुढचे सांगितले. आजोबा गेल्यावर अत्तम्माने घरातला आपला हिस्सा भावाला लिहून दिला होता. कुणी जबरदस्ती केली नव्हती. बहिणीने असेच करायचे असते, म्हणून तिने केले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोटो लावायला तिने खिळा घेतला आणि हातोडा उचलता उचलता ती थांबली. मग भावाला विचारायला पुढच्या खणात गेली.

"त्यो म्हणला, इचारतीस काय अक्का, ठोक की. लई मायेनं म्हणला. पण मी इचारलं ते इचारलंच, सुगला... असं म्हणली बघ. मग ठोकलाच न्हाय तिनं."

दोन दिवस विचार करून सुगलाबाईने गुरुवारी सही दिली नाही. भावाने दोन वर्षे पंचमीला बोलावणे धाडले नाही. ते तिला लागले, रडलीही. तिसऱ्या वर्षी तो स्वतःच न्यायला आला. त्या हिश्श्याच्या ज्वारीवर नवऱ्याचे आजारपण निघाले. हे सगळे सांगताना तिच्या बोलण्यात फुशारकी नव्हती.

मी तिला विचारले, खरे तेच सांगायचे होते, तर ओसरीवर खोटे कशाला सांगितले? चार भिंतींआड जे बोलली ते तिथेच बोलायचे होते.

सुगलाबाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी शिकले ते काय, असा तिला प्रश्न पडला असावा. "आत तुझा बाप मागावर होता की. त्याच्या कानावर जाऊ देईल व्हय ती?"

सात मुद्द्यांच्या माझ्या यादीत त्या मागाचा आवाज नव्हता.

योगायोग म्हणावा, की जुने चित्रपट फिरून येतच असतात म्हणावे; मी पुण्याला परतण्याआधीच्या रविवारी तोच चित्रपट लागला. बायकांनी माझ्यासमोर तिकीट ठेवले. त्यांनी ते आपसांत आधीच ठरवलेले दिसले. मी गेले. पेटी, वकिलाचे बूट, चेपून चेपून लंगडा झालेला म्हातारा, सगळे जसेच्या तसे होते. माझे सहा मुद्दे बरोबर निघाले. सातवा चुकला, शाईची दौत मुलीच्या नाही, वकिलाच्या हातात होती. हे अत्तम्माला सांगता आले असते तर ती किती दिवस हसली असती, असा विचार करत मी घरी आले.

सोमवारी त्यांनी मला तिच्या जागेवर बसवले आणि माझ्या मांडीवर तिचे सूप ठेवले. मला विडी वळता येत नाही. सूप रिकामेच होते. मी सांगू लागले. मला माना बदलता येत नाहीत आणि बुटांचा आवाज तर मुळीच काढता येत नाही, तरी त्या हसल्या. उपकार म्हणूनच हसल्या असाव्यात. शेवट जवळ आला. गल्लीत नव्याने सून म्हणून आलेली एक मुलगी कोपऱ्यात बसली होती. तिने विचारले, "मग सही केली का तिनं?"

पुढच्या खणात वडिलांच्या मागाचा धोटा फिरत होता. अत्तम्माने जे इतकी वर्षे भावाच्या कानापासून सांभाळले, ते उघड करण्याचा अधिकार मला आहे का, हे मी त्या क्षणी ठरवू शकले नाही. आजही ठरवू शकलेले नाही. सुगलाबाई सुपातून मान वर न करता थांबली होती.

"केली," मी म्हटले. "सिनेमा तिथे संपतो. पुढचे मला सुगलाबाईंनी सांगितले, ते सांगते." आणि मी खिळ्याची गोष्ट सांगितली. आवाज मुद्दाम चढवला नाही. उतरवलाही नाही. भावाच्या 'ठोक की'मधली माया सांगायला विसरले नाही. अर्ध्यावर आले तेव्हा माग थांबला होता... मी सांगत राहिले.

दिवेलागणीला माझे राहिलेले पुस्तक घ्यायला मी मागच्या खोलीत गेले. भिंतीत एक नवा खिळा होता, जरासा तिरका. पेटीवर चुन्याची भुकटी सांडली होती. फोटो मात्र वडिलांनी हलवला नव्हता. मीही हलवला नाही. मी पुण्याला येऊन आता तीन आठवडे झाले. परवाच्या पत्रात इतर सगळ्या मजकुराच्या शेवटी वडिलांनी एक ओळ लिहिली आहे, की फोटो अजून पेटीवरच आहे. तो टांगायचा, तर कुणाला विचारायचे, हे आम्हा दोघांनाही समजत नाही.