डिकीतल्या दोन सायकली

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यात झोपायची, स्वयंपाकाची सोय करून घेतली. मागच्या पलंगाखालच्या मोठ्या डिकीत आमच्या दोघांच्या सायकली ठेवायच्या, हे आधीच ठरलं होतं. बायको वैराग गावची, लहानपणी शाळेला सायकलनंच जायची. म्हणून स्वतःसाठी नवी, लाल सायकल तिनं दुकानात जाऊन पसंत केली.

सायकल बांधण्यात माझा हात कुणी धरला नसता. आधी पुढचं चाक काढायचं, मग सगळ्या सांगाड्याला सोलापुरी चादर गुंडाळायची, वरून दोरीचे वेढे आणि शेवटी साखळी-कुलूप. रस्ता कितीही खराब असो, आत खुट्ट व्हायचं नाही. केवढी मिजास होती मला त्याची!

अक्कलकोट, दुधनी, कुठंही मुक्काम पडला की ती म्हणायची, "अहो, काढा की. एक चक्कर मारून येते."

मी करवादायचो, "सोडायला अर्धा तास, परत बांधायला अर्धा तास. आन् ओरखडा आला म्हंजे? पुढच्या वेळी बघू."

ती चहाचं आधण ठेवायची.

यंदा तिचे गुडघे गेले. घराच्या दोन पायऱ्या चढतानाही भिंत धरते.

परवा मला राहवलं नाही. डिकी उघडून मी गाठी सोडल्या, चादर काढली. लाल सायकलच्या सीटवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. मी ते फाडायला लागलो, तर ती दारातून म्हणाली, "राहू द्या की. ओरखडा येईल."